तारेबाहेरचं अंथरूण

आटपाडीच्या स्टँडवर माझी वळकटी एसटीच्या टपावर चढवली आणि वडील, म्हणजे आमचे आबा, एवढंच म्हणाले, "लोकाच्या रानात चाललायस, नीट ऱ्हा." आईनं पदरानं माझ्या ट्रंकेवरची धूळ पुसली. धूळ लगेच पुन्हा बसली. सातारा जिल्ह्यात नदीकाठच्या साखर कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो होतो. आमच्या धनगराच्या घरातला पहिला पगारदार.

'लोकाचं रान' हा आबांच्या धंद्यातला शब्द. दिवाळी झाली की आमची मेंढरं पश्चिमेला निघायची. रात्री ज्याच्या शेतात ती बसवायची, त्याला लेंडीखत मिळायचं आणि तो आम्हाला धान्य द्यायचा. राहणाऱ्यालाच मोबदला, अशी आमची उलटी दुनिया. तुमच्यापैकी ज्यांनी माणदेश सोडला, त्यांना हे सांगायला नको.

दुष्काळात मेंढरं संपली, तेव्हा आई-आबांना मी कारखान्याच्या क्वार्टरवर आणलं. दोन खोल्या, त्याही फुकट, आणि घरात नळ. आई नळाखाली नुसता हात धरून बसायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी थंडीत ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं. तिला दिसायला लागेल, या एकाच आशेवर आम्ही तिघं होतो.

त्याच सुमारास कराचा कायदा बदलला. पुस्तकं, प्रवास अशा निरनिराळ्या वजावटी गेल्या, त्यांच्या जागी एक ठोक वजावट आली. पगार म्हणजे केवळ हातात पडणारे पैसे नव्हेत, हे हेडक्लार्कनं आम्हाला समजावलं. फुकटच्या क्वार्टरची किंमतही आमचं ऑफिस आता काटेकोरपणे पगारात धरणार होतं. माझा कर थोडासाच वाढला. रात्री जेवताना मी हसत म्हणालो, "आबा, आता घरसुद्धा पगारात!"

आबांचा घास हातातच राहिला. सरकारी रानात चराईचा कर मेंढरांच्या डोक्यांवर बसतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. "म्हंजी आमी दोगं आलो म्हनून वाडला," ते म्हणाले.

किंमत खोल्यांची असते, माणसांची नव्हे, हे मी परोपरीनं सांगितलं. हेडक्लार्कला घरी बोलावलं. तो गेल्यावर आबा म्हणाले, "चराईचा सायेब बी असंच ग्वाड बोलायचा. मागनं डोकी मोजायचा."

थंडी पडायच्या आधीच त्यांनी आईला घेऊन आटपाडीची गाडी धरली. निघताना आईनं चाचपडत नळ घट्ट बंद केला. मी रजा काढून दोनदा न्यायला गेलो. "लेकराच्या पगारावर वझं कशापायी?" असं म्हणत दोन्ही वेळा तिनं मलाच माघारी धाडलं. ती आंधळी होऊनच गेली. मला त्या कायद्याचा राग नाही. राग येतो तो आबांच्या मायेचा, आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आई गेल्यावर आबा मला भेटायला यायचे, पण क्वार्टरमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. कॉलनीच्या तारेबाहेर लिंबाखाली घोंगडं अंथरायचे. "आत निजलो तर पगारात धरत्याल रं." मी ताट बाहेर नेऊन द्यायचो. रखवालदार हसायचा. एका वर्षी ते आले नाहीत, आले ते त्यांच्या मरणाची खबर घेऊन भावकीतले लोक.

आता साताऱ्यात माझं स्वतःचं घर आहे. पेन्शनही कायद्यानं पगारच. घरात मोजायला मी एकटा. गाव कुठलं असं कुणी विचारलं की मी आटपाडी सांगतो, पण डोळ्यांपुढे येते ती लिंबाखालची जागा. क्वार्टरची किल्ली परत दिली त्या दिवशी मी तिथं जाऊन उभा राहिलो होतो. आबांच्या अंथरुणाएवढ्या जमिनीत गवत नव्हतं.

एव्हाना उगवलं असेल.