राउटर परत दिला होता, पप्पा विसरले नव्हते

मागच्या शनिवारी ब्रॉडबँडवाल्यांच्या ऑफिसात मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी टेबलावर हात आपटला. अजून तळहात दुखतोय... आणि डोकं अजून शांत झालेलं नाही.

झालं असं. आम्ही काळेवाडीत राहतो, मी आणि माझे वडील. नेट रोज संध्याकाळी बंद पडायचं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी कंपनी बदलली. जुन्या कंपनीचा माणूस येऊन राउटर घेऊन गेला. मी तेव्हा चाकणला ड्युटीवर होते, घरी पप्पा होते. त्यांनी राउटर वायरसकट त्याच्या हातात दिला. पावती मागितली, तर म्हणाला, "काका, मेसेज येईल."

मेसेज आलाच नाही. आले ते फोन.

आधी आठवड्यातून एक, मग रोज. राउटर जमा केला नाही, कधी करताय? पप्पांनी दहा वेळा सांगितलं, दिलाय. तर पलीकडची मुलगी म्हणते, "काका, नीट शोधा, घरातच असेल. या वयात विसरायला होतं." वर लीगल नोटिशीची धमकी.

या वयात विसरायला होतं... हे वाक्य वाचून कदाचित काहीच वाटणार नाही. पण त्या फोननंतर माझ्या बापाने माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं. पलंगाखालच्या पेट्या उघडल्या. एकदा मी शिफ्टवरून आले, तर ते आईच्या जुन्या साड्यांच्या गाठोड्यात हात घालून राउटर शोधत होते. म्हणाले, "मी दिलो की गं त्याला, हातात दिलो... का दिलो नाही?"

लातूरहून इथे येऊन बत्तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस. कुठल्या रॅकवर काय आहे ते न बघता सांगणारा. तो स्वतःच्या हातांवर शंका घ्यायला लागला. औषध घेतलं की नाही तेही मला विचारायला लागला. मी मात्र आतल्या आत धुमसत होते आणि कस्टमर केअरला मेलवर मेल टाकत होते. उत्तर एकच... आपल्या नावावर अमुक नंबरचं डिव्हाइस बाकी आहे.

मग त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी ब्लाउज आणायला सुनीताताईंच्या दुकानात गेले. आमच्या गल्लीपासून चार गल्ल्या पुढे, शिलाईचं छोटंसं दुकान. ताई हूक लावत होत्या, मी उभी होते, आणि माझा मोबाइल आपोआप वायफायला जोडला गेला.

नाव होतं 'लातूर २०४'. आमचं गाव आणि आमचा फ्लॅट नंबर. हे नाव मीच ठेवलं होतं.

मला आधी काही कळेचना. ताई म्हणाल्या, "अगं, नवीन कनेक्शन घेतलंय पोरीच्या क्लाससाठी. नाव काहीतरी विचित्रच आहे, तो माणूस म्हणाला असंच असतं." मी स्टूलवर चढून राउटर उलटा केला. नंबर तोच, मेलमधला. आणि शेजारी काळ्या मार्करने आमच्याकडे तो बसवला त्या दिवसाची तारीख... पप्पांच्या अक्षरात. ते घरातल्या प्रत्येक वस्तूवर अशी तारीख घालतात. मी लगेच फोटो काढले.

म्हणजे यांनी आमचा राउटर नेला, रीसेटसुद्धा न करता आमच्याच नावा-पासवर्डसकट दुसऱ्याच्या दुकानात बसवला, आणि इकडे माझ्या बापाला विसरभोळा ठरवत होते!

शनिवारी पप्पांना घेऊन ऑफिस गाठलं. सुनीताताई दुकान बंद ठेवून सोबत आल्या. मॅनेजरने फोटो बघितले आणि हसून म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये अपडेट राहिलं असेल." तिथे माझा हात टेबलावर पडला.

पप्पांनी मला मागे ओढलं. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, माझ्या स्टोअरला एक बोल्ट कमी आला तर मी आधी रॅक तपासायचो. माणसाला खोटं पाडायचो नाही."

मॅनेजर मला सॉरी म्हणाला. मी म्हटलं, मला नको, त्यांना म्हणा. म्हणाला. राउटर जमा असल्याचं लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून दिलं. ताईंना त्याच दिवशी दुसरा राउटर बसवला.

तर मंडळी, कनेक्शन सोडताना राउटर आधी रीसेट करा. खालच्या नंबरचा फोटो काढा. आणि नेणाऱ्याकडून सही घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, तो कितीही घाईत असला तरी.

सुनीताताई, शनिवार हा तुमचा गिऱ्हाइकाचा दिवस. तरी आलात, हे मी विसरणार नाही.

कंपनीवरचा राग जाईल कधीतरी. पण त्या तीन महिन्यांत मीही एकदा विचारलं होतं, "पप्पा, नक्की दिला होतात ना?" तेव्हा ते उठून पुन्हा माळ्यावर चढले होते. समोर बसून हे बोलायला जीभ रेटत नाही, आणि ते माझी प्रत्येक पोस्ट वाचतात, म्हणून इथे लिहिते... पप्पा, चुकलं माझं.