घबराट

माझी बायको नांदेडकडच्या घराण्यातली, पण जन्मली आणि वाढली हैदराबादेत. तिच्या मराठीत दखनी उर्दू इतकी मुरलेली होती की वेगळी काढता आली नसती. मी पुण्याहून आलेला, नारायणगुड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणारा. लग्नानंतर सव्वीस वर्षं मी तिची वाक्यं दुरुस्त करत राहिलो. ती "होलालंय" म्हणाली की मी "होतंय" म्हणायचो. "तुम्ही व्याकरण बघा, मी वरण बघते," असं म्हणून ती आत जायची. तिला त्याचा राग येत नसावा, असं मी धरून चाललो होतो.

आमची एकुलती मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्यानंतरची गोष्ट. ओळखीच्या घरांतून तेव्हा एकेक मूल कॉम्प्युटर शिकून बाहेर पडत होतं. महिनाभरात बायको म्हणाली, "अहो, मला घबराट होलालीय." वेणी घालताना ती मध्येच हात खाली घ्यायची. जिना चढताना अर्ध्यावर थांबून शेजारणीच्या तुळशीची चौकशी करायची. ती श्वास घ्यायला थांबते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

कोठी भागातल्या एका दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर तरुण होते, इंग्रजीत बोलत होते. ती सुरू झाली, "डॉक्टरसाब, घबराट होरी..." आणि मला लाज वाटली. मास्तरची बायको डॉक्टरांपुढे बाजारातली भाषा बोलते, याची. मी तिला थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं की हिला भीती वाटते.

"कशाची?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. मुलगी परदेशी गेली, घर रिकामं झालं. डॉक्टरांनी कानाला लावायला घेतलेली नळी पुन्हा गळ्यात टाकली आणि मन शांत राहण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

येताना सुलतान बाजारात मी जुनी पुस्तकं चाळत उभा राहिलो. ती दुकानाच्या पायरीवर बसली.

"काय सांगितलंत त्यांना?"

"तू म्हणालीस तेच."

या शहरात घबराट म्हणजे छातीत धडधड होणं, श्वास अपुरा पडणं, जीव कासावीस होणं. त्यात भीती असतेच असं नाही. इथल्या भाजीवालीलाही ते कळतं. मला माझ्या पुस्तकांतला अर्थ ठाऊक होता.

दोन वर्षं ती गोळ्या घेत राहिली. दुपारभर पेंगायची. उशाला एकाच्या दोन उशा झाल्या, मग तीन. पायांवर सूज यायची, चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जायचा नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "मी काय भित्री आहे का हो?"

"वाटते गं भीती सगळ्यांनाच," मी म्हणालो. मी तेव्हा वह्या तपासत होतो. मान वर केली नाही.

पुढे शहरात मोठी खाजगी इस्पितळं उभी राहिली, परदेशी यंत्रं आली. मुलीने फोनवरून हट्ट धरला म्हणून तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. मी तोंड उघडताच त्यांनी हात वर केला. "सर, आप नहीं. अम्मा बोलेंगे."

"घबराट होरी डॉक्टरसाब," ती म्हणाली. "लेटे तो ज्यादा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नळी छातीवर ठेवली, हळूहळू डाव्या काखेकडे नेली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. यंत्राआधीच त्यांना कळलं असावं. मग पडद्यावर तिचं हृदय दिसलं. प्रत्येक ठोक्याला पुढे जायचं रक्त निळ्या झोतासारखं मागे उसळत होतं. झडप नीट मिटत नव्हती. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता.

"दो साल पहले आते तो यही वॉल्व रिपेअर हो सकता था. अब बदलना पडेगा. और दिल थक गया है." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "इत्ते दिन किसी को बोले नहीं, अम्मा?"

तिने पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मैंच नहीं बोली," ती म्हणाली.

अंगातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्यांनी महिनाभरात सूज ओसरली. ती एकदा तुळशीची चौकशी न करता जिना चढली, तेव्हा मी मनातल्या मनात सगळं भरून निघालं असं धरलं.

ऑपरेशनच्या सकाळी इंग्रजी कागद पुढे आला. मी तो तिला मराठीत वाचून दाखवला, धोक्याच्या ओळींसकट, एकही शब्द न गाळता.

"सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"घाबरलात?"

"हो."

"भीतीवालं का घबराटवालं?" असं म्हणून ती हसली. मला हसता आलं नाही. तिला आत नेलं.

धातूची नवी झडप व्यवस्थित उघडत-मिटत होती, असं डॉक्टर रोज सांगत. झडपेभोवतीचं हृदय मात्र सावरलं नाही. सहाव्या दिवशी ती गेली.

मुलगी आली. तेराव्यानंतर आईच्या साड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "बाबा, आई फोनवर म्हणाली होती, तिनेच कुणाला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं तिने?"

म्हणजे तिने लेकीलाही तेच सांगून ठेवलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. मुलीच्या मांडीवर आईची लिंबूरंगाची साडी होती, अर्धी घडी घातलेली.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला."

तिचे हात थांबले. "काय म्हणाली होती?"

"घबराट होलालीय, म्हणाली होती."