एक दिवसाचा विसावा

मोडीत निघालेला कॉम्प्युटर दिसला की बाळीवेशीतल्या गुरुशांतचे हात शिवशिवत. कचेऱ्यांनी टाकलेल्या पेट्या तो रिक्षात घालून आणी, आतली डिस्क काढी, पंखा पुसे आणि म्हणे, "आता हलकी झाली." यंत्रमाग दुरुस्त करता करता तो लिनक्स शिकला होता. कुणीही उघडून बघावी, बदलावी अशी ती प्रणाली त्याला मागासारखीच वाटे. झाकून ठेवलेलं काही नाही.

अशा चौदा पेट्या त्याने चंद्रव्वाअक्कांच्या वर्गात मांडल्या. अक्का निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे विणकरांच्या घरच्या मुली कॉम्प्युटरवर चादरींची नक्षी काढायला शिकत. पेट्यांच्या पोटात काहीच नव्हतं. बटण दाबलं की वायरीतून त्या कपाटामागच्या सर्व्हरला हाक मारत, आणि मुलींचं सगळं काम त्या एका मशीनवर चाले, तिथंच साठे.

"मग ह्या चौदा कशाला रे?" अक्कांनी यंदा श्रावणात विचारलं.

"ह्या नुसत्या काचा, अक्का. खरं यंत्र ते एकच. जीव तितं हाय."

बोलताना त्याची छाती फुगली होती.

त्या एका यंत्रात त्याचे वडीलही होते. नागप्पांनी चाळीस वर्षं चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे भोकं पाडून तयार केले; त्या भोकांवरून माग नक्षी विणे. ते गेल्यावर पुठ्ठ्यांना वाळवी लागली. मुलींनी वर्षभर बसून, भोकं मोजून, दोनशे बारा नक्ष्या मशीनवर उतरवल्या. उरलेला भुगा गुरुशांतनेच उकिरड्यावर टाकला. दुसरी प्रत काढायची राहिली होती. राहतच गेली.

भाद्रपदात सर्व्हरची डिस्क आवाज करू लागली. टक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक. मुलींना तो ऐकू येत नव्हता. गुरुशांतला मात्र जेवतानाही येई. तीन वर्षं न थांबता फिरलेली जुनी डिस्क गरम आहे तोवर फिरते, थंड झाली की बसते ती पुन्हा फिरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सर्व्हरवर चिठ्ठी डकवली : बंद करू नये.

नवी डिस्क यायला नवरात्र उजाडलं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याने जुनीवरचं सगळं नवीवर उतरवायला लावलं, पडदा मालवला आणि घरी गेला. जुनी डिस्क अडखळत होती, पण उद्या दुपारपर्यंत काम झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावातले माग थांबलेले, दारोदार झेंडूचा वास. गुरुशांत दहाला वर्गात आला आणि उंबऱ्यातच थबकला. पंख्याची घरघर नव्हती.

दरवर्षी दारातल्या पहिल्या पेटीला हार पडे. आज तिला हार नव्हता. सर्व्हर मात्र कपाटामागून पुढे, पाटावर आणलेला. त्यावर विभूतीचे तीन पट्टे, हळदकुंकू, झेंडूची माळ. चिठ्ठी घडी करून शेजारी ठेवलेली.

"अक्का, ह्याला बंद कुणी केलं?"

"मीच की!" अक्का हसत म्हणाल्या. "सकाळी सातलाच. तू शिकवलंस तसं नीट बंद केलं, वायर ओढली न्हाय. इतकी वर्षं आपण काचेलाच हार घालत होतो बघ. राबतं हे, आणि विसावा दुसऱ्याला?"

"चिठ्ठी होती, अक्का."

"ती रोजच्यासाठी. आज हत्याराला हात लावत नसतात."

त्याने तळवा मशीनवर ठेवला. गार होती.

"चालू करतो."

"गुरू, उद्या सकाळपर्यंत न्हाय. तुझ्या अप्पांनी ह्या दिवशी कधी भोक पाडलं का?"

नव्हतं पाडलं. तो भिंतीला टेकून बसला. बटणाकडे गेलेला हात त्याने मांडीखाली दाबून धरला. आत्ता दाबलं काय नि उद्या, जे व्हायचं ते सातलाच झालं होतं. फक्त कळायचं बाकी होतं.

दसऱ्याच्या सकाळी मुली आपट्याची पानं घेऊन आल्या. सवयीने त्यांनी आपापल्या पेट्या सुरू केल्या. अक्कांनी माळ उतरवली. गुरुशांतने बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्कने एकदा टक केलं.

त्याने पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

नवी डिस्क तपासली, तर तिच्यावर मुलींच्या सरावाच्या फायली पोचल्या होत्या. नागप्पांचा फोल्डर यायचा राहिला होता.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं. त्यांच्या बोटांना अजून कुंकू होतं.

त्याच्या मागे चौदा काळ्या काचांवर एकच ओळ लुकलुकत होती : सर्व्हरची वाट पाहत आहे.