मॉड्यूल सापडत नाही

लॅपटॉपवर जागा व्हावी म्हणून मी लिनक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, आवाज नि वायफाय चालवणारे मॉड्यूल अडगळ समजून पुसून टाकले. पुढे लॅपटॉप सुरू करून देणारा बूटलोडर बिघडला, तो मीच दुरुस्त केला आणि कॉलर ताठ केली. लॅपटॉप सुरूही झाला, पण नव्याऐवजी नेमका त्या जुन्या कर्नलवर. पडद्यावर ओळ आली: मॉड्यूल सापडत नाही. आवाज गेला, वायफाय गेलं. आणि पाच वाजता त्याच लॅपटॉपवर माझ्या बायकोचा, सुमनचा, गाण्याचा ऑनलाइन वर्ग!

मोबाइलवर शोधलं, तर कुणा अनोळखी माणसाने हीच चूक केलेली आणि न लाजता लिहून ठेवलेली. खाली उपाय होता: लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीतून नवा कर्नल निवडा. निवडला. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उगवलं, लॅपटॉपमधला तानपुरा बोलू लागला.

मी त्या चिन्हाकडे बघतच राहिलो. पराक्रम आपण सगळेच सांगत सुटतो, फजिती तेवढी झाकून ठेवतो. या भल्या माणसाने ती उघडी ठेवली, म्हणून आमच्या घरातला पाचचा वर्ग वाचला. मी मोबाइललाच हात जोडले.

सुमनला हे सगळं गहिवरून सांगितलं.

“अहो, त्याने चूक निदान लिहून तरी ठेवली,” ती म्हणाली. “तुम्ही नुसत्या करता. सरका आता, वर्गाच्या मुली ऑनलाइन आल्या.”