बोट कधी उचलायचं

"वाजवायचं कधी ते लिहिलंय. बोट उचलायचं कधी, ते लिहिलेलं नाही," असं म्हणून आमचे शेजारी डाव्या हाताचं बोट हवेतच दाबून धरायचे. समोर लॉन्ड्रीवाला का असेना, त्यालाही हे ऐकावं लागे.

नव्वदच्या दशकात मस्कतच्या रुवी भागात आमची भिंतीला भिंत होती. ते एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. त्यांचे जर्मन साहेब निवृत्त होऊन जाताना आपल्या घरातलं ल्यूट आणि जुन्या जर्मन स्वरलिपीतल्या पानांची झेरॉक्स त्यांच्या हवाली करून गेले. ल्यूट म्हणजे भोपळ्याएवढं पोट असलेली गिटार समजा. "ड्रॉइंग वाचतोस, हेही वाचशील," एवढीच दीक्षा.

त्या लिपीत प्रत्येक तारेवरच्या प्रत्येक पडद्याला वेगळं अक्षर. यांनी सगळी पाठ केली आणि एका ओळीत अडकले. तिथे एकच अक्षर लागोपाठ तीनदा येई. तीनदा छेडायचं, की एकदा छेडून बोट धरून ठेवायचं? सात वर्षं हा खल चालला. दर शुक्रवारी सकाळी भिंतीपलीकडून तीच ओळ. मी 'छेडा' म्हटलं की हे हटकून धरायचे.

"धरा नाहीतर सोडा, पण आधी मासे घेऊन या," वहिनी म्हणायच्या.

मग साहेबांचा फॅक्स आला. दोन दिवसांसाठी मस्कतला येतोय, भेटू. यांची झोपच उडाली.

"सात वर्षं चुकीचं वाजवलं असेल तर?"

"विचारून टाका की," मी म्हटलं.

"विचारणारच. एकदाचं खलास."

साहेब आले, पोहे खाऊन बसले. मीही होतो. यांनी वाजवायला घेतलं. त्या जागी घाबरून दोनदा छेडलं, तिसऱ्यांदा धरलं, म्हणजे दोन्ही पक्ष राखले. मला हसू आवरेना. हे मात्र शेवटपर्यंत वाजवून थांबले.

 साहेब म्हणाले, "हे वाद्य माझ्या बायकोचं. मला यातलं एक अक्षर कळत नाही. ती याच ओळीला अडायची, चिडायची, वाद्य ठेवून द्यायची. गेली तोवर हेच. यापुढचं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

यांनी प्रश्न विचारलाच नाही. "पुन्हा वाजवू?" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी ते नाशिकला परतले, ल्यूट घेऊन. शेजारी आता एक शांत जोडपं राहतं. फार सभ्य माणसं आहेत. शुक्रवारी सकाळी मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं होतं.