कानाशी एक ओळ

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला माझ्या पुढच्या बाकावर मार्थामावशी बसायच्या. वय झालेलं, डोळ्यांनी अधू. त्यांच्या शेजारी एस्तेर, दूरच्या गावाहून आलेली, नर्सेसच्या वसतिगृहात राहणारी मुलगी. गीत सुरू झालं की एस्तेर पुस्तकात बघून पुढची ओळ मावशींच्या कानात सांगायची आणि मग दोघी मिळून ती गायच्या. मला गाण्यापेक्षा ती कुजबूजच ऐकत राहावीशी वाटे. एकट्या माणसाच्या घरात आवाज काही कमी नसतात. कुकर असतो, टीव्ही असतो, दारावरची बेल असते. पण कानाशी येऊन हळू बोलणारं कुणी नसतं, आणि ते नाही हे सांगायचं तरी कुणाला?

एकदा फाटकाशी सलाम करताना मी म्हटलं, "मावशी, पोरगी किती करते तुमचं."

मावशी हसल्या. "गीतं मला लहानपणापासून पाठ आहेत गं. पण आठवडाभर ती आजाऱ्यांचं ऐकते. तिचं ऐकणारं कुणीतरी नको का?"

मावशींना माती दिली, त्यानंतरच्या रविवारी एस्तेर त्याच बाकावर एकटी बसली होती. गीत सुरू झालं. सवयीनं तिची मान शेजारी वळली, ओठ हलले आणि मिटले. ती गायलीच नाही.

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"मला काही दिसत नाही गं बाळा," मी म्हटलं. "पुढची ओळ सांगतेस?"