इथले कोण, बाहेरचे कोण

छप्पन साली राज्य बदललं तेव्हा आमच्या घरात कोणी रडलं नाही की भांडलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "येईल परत." म्हणजे आमचा सौंसर तालुका परत येईल, नागपूरकडे. नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि आम्ही जिथल्या तिथं बसल्या बसल्या भोपाळचे झालो. बाबा मराठी शाळेत मास्तर. सगळेच मराठी मास्तर तेव्हा "येईल परत" म्हणायचे, जसं काही शेजारणीनं चाळणी नेली आहे आणि पीठ चाळून झालं की ती आणूनच देणार आहे. त्या भरवशावर बाबांनी हिंदी बोलायची सवय केली नाही, आणि बोरगावच्या आमच्या शेताच्या तुकड्यात संत्र्याची झाडंही लावली नाहीत. म्हणायचे, "आधी ठरू दे कोणत्या राज्यात राहतो, मग लावू." अहो, संत्र्याच्या झाडाला राज्य काय कळतं! पण बाबांना सांगणार कोण.

एवढी खात्री होती तर त्यांचा तंबाखू काहून वाढला होता, ते मात्र घरात कोणी विचारत नव्हतं.

काळजी होती ती ताईची. ताई माझ्याहून बरीच मोठी, शाळेत कायम पहिली. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्यासाठी ट्रेनिंग लागायचं. राज्य एक होतं तोवर प्रश्नच नव्हता. नागपूरला जायचं, मराठीतून शिकायचं, परत येऊन सौंसरच्या शाळेत लागायचं. आता नागपूर परराज्य. आपल्या राज्यातलं ट्रेनिंग म्हणजे घाट चढून वर छिंदवाड्याला, आणि तिथं सारं हिंदीत. इकडं मोठ्या आत्यानं मोहगावचं एक स्थळ आणून दारात बसवलेलं. बाबांनी आत्याला शब्द देऊन टाकला होता, की या पावसाळ्यात पोरीला जागा मिळाली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. ताई त्या दिवसांत भाकरी तव्यावर टाकायची आणि तिथंच थांबून जायची. भाकर करपली तरी तिला पत्ता नसायचा. आई ओरडायची, "अवं, लक्ष कुठी आहे तुझं?" कुठं आहे ते आईला चांगलं माहीत होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून शेठजींचं घर. कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. आमच्याकडं त्यांच्याबद्दल एक ठरलेलं वाक्य होतं, 'लोटा घेऊन आले अन् माडी बांधून बसले.' मला तेव्हाही या वाक्याचा राग यायचा, आताही येतो. आमचे खापरपणजोबा तरी कुठं इथल्या मातीतून उगवले होते? तेही भोसल्यांच्या अमदानीत वऱ्हाडातूनच आले, बैलगाडीत सरकीचं बी टाकून. म्हणजे लोटा आमच्याकडंही होता, पण आमच्या लोट्याची गोष्ट कोणी सांगत नव्हतं. दोन्ही घरं बाहेरचीच. त्यांना ते आठवत होतं आणि आम्ही विसरलो होतो, एवढाच फरक.

पण तेवढ्यानं काय काय होतं ते मी भिंतीच्या अलीकडून लहानपणभर पाहिलं. त्यांच्याकडं मारवाडातून कोणी आला की पाण्याचा तांब्या हातात देता देताच शेठजी विचारायचे, "बोला, काय काम काढलं?" आठवडाभरात त्याची कुठल्या तरी दुकानात सोय लागलेली असायची. आमच्याकडं वऱ्हाडातून पाहुणा आला की आधी पाय धुणं, मग चहा, मग जेवण, मग कोणाचं लग्न झालं अन् कोण गेलं. आल्या दिवशी काम विचारणं म्हणजे 'परत कधी जाता' विचारल्यासारखं. पाहुण्यानंही पहिल्याच ताटावर आपली गरज काढायची नाही, हलकं दिसतं ते. बिचारा मानपान घेऊन, पान खाऊन, आला तसा परत जायचा. शेजाऱ्यांची माडी चढली ती लबाडीनं, असं आमच्या नातेवाइकांत बिनदिक्कत बोललं जायचं. मला विचाराल तर अर्धी माडी त्या एका प्रश्नावर चढली.

म्हणून त्यांचं सारंच बरं होतं असं नाही, बरं का. शेठजींची धाकटी लेक माझ्याच वयाची. कविता एकदा ऐकली की तिला पाठ. पण चौथी झाली अन् तिला घरात बसवलं. आमच्याकडं माडी नव्हती, पण पोरीच्या हातची पाटी कोणी काढून घेतली नव्हती. आमच्या घरानं इतक्या पिढ्यांत कमावलं ते तेवढंच, आणि आता तेही हातचं जातं की काय या धास्तीनं बाबा आतून पोखरून निघाले होते.

उन्हाळा सरत आला तसे बाबा ताईला घेऊन नागपूरला निघाले. शेठजी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मास्तर, आधी छिंदवाड्याले जा न. तिथल्या जागा भरून जातीन."

"नागपुरात आपली माणसं आहेत, शेठजी," बाबा म्हणाले.

आपली माणसं म्हणजे आईचा मावसभाऊ, तिकडं शिक्षण खात्यात नोकरीला. आईनं कुरोड्या आणि मुंगवड्यांचा डबा भरून दिला. पुढं काय झालं ते ताईनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच गेले होते असं वाटतं. मामांनी स्टेशनवरून टांगा केला. मामींनी पुरणपोळी केली, वर तुपाची धार. बाबा गप्प, कारण आल्या दिवशी कसं बोलायचं. दुसऱ्या दिवशी मामा दोघांना तेलंगखेडीचा तलाव दाखवायला घेऊन गेले. ताई म्हणते, "मी पाणी पाहून राहिली होती अन् डोक्यात एकच, बाबा आता बोलतीन, मग बोलतीन." बाबा तिसऱ्या दिवशी बोलले, पान लावता लावता. मामांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"अहो भाऊजी, आल्याबरोबर काहून नाही सांगितलं? परराज्यातल्या मुलींसाठी दोन-चार जागा साहेबाच्या हातात होत्या. काल दुपारपर्यंत होत्या!"

काल दुपारी तर ही मंडळी तलावावर भेळ खात होती.

परत आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला अडकवली आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपले. आईच्या तोंडाला मात्र कोण आवरणार! "पोरीचा जन्म पणाले लागला अन् तुम्ही तलाव पाहून राहिले होते? जिभेले काय कुलूप लागलं होतं?" बाबा उठले नाहीत. भिंतीकडूनच त्यांचा आवाज आला, "त्यानं परराज्यातले म्हटलं वं आपल्याले. तुझ्या भावानं." जागा गेली त्याहून हे त्यांना जास्त लागलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. ताई तिकडं चुलीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

छिंदवाड्याच्या मुलाखती आठवड्यावर आलेल्या. पण जाऊन तरी काय करायचं? तिथं मुलींना राहायला वसतिगृह नव्हतं, आणि घाटावर आमचं ओळखीचं चिटपाखरू नाही. त्यात आत्याचा निरोप आला की मोहगाववाले पोरगी पाहायला येतो म्हणतात. आई उठली, पदर खोचला आणि सरळ शेजारी गेली. मी तिच्या मागं. शेठजींनी पाहिलं आणि त्यांचा तोच प्रश्न आला, "बोला वैनी, काय काम काढलं?"

आईनं एका दमात सगळं सांगितलं. मी तर शरमेनं अर्धी झाले. आमच्यात असं कोणी मागत नाही.

शेठजींनी विचारही केला नाही. "छिंदवाड्याले माह्या साळ्याचं घर आहे. बाया-पोरी आहेत घरात. पोट्टी तिथं राहीन. त्यात काय एवढं?"

घरी आल्यावर बाबा भडकले. आपली पोरगी परक्याच्या घरी वर्ष काढणार? कोणाच्या ताटात जेवणार? ते कोण आपले? बाहेरचे लोक! भिंत मातीची, पातळ, आणि बाबांचा आवाज मास्तरचा. सगळं पलीकडं गेलं. मला वाटलं, संपलं. ताईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. रागावलेले नव्हते, पण हसतही नव्हते.

"मास्तर, मारवाडातून कोणी आलं तर मी त्याले घरात घेतो. काहून? तो गावचा म्हणून. पण खरं सांगू? मारवाड म्या एकदाच पाह्यलं, लग्नाले गेलतो तवा. माहं गाव सौंसर आहे. मंग तुमची पोट्टी गावची नाही तर कोणाची?"

बाबा आत तोंड करून म्हणाले, "चहा टाक वं." आमच्या घरात होकार असाच यायचा.

राहिलेले दिवस ताई शेठाणीबाईंपाशी हिंदी बोलायला बसली. शेठाणीबाई नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. माझ्या आईनं भिंतीवरून बोलून बोलून शिकवलं. आता त्या मुलाखत घेणाऱ्या साहेब झाल्या. घुंघट नाकापर्यंत ओढून, लाटणं हातात धरून दरडावायच्या, "क्यों री, मास्टरनी काहे को बनना है?" आम्ही पोरी हसून हसून लोळायचो. ताई हसायची नाही. ती पुन्हा पहिल्यापासून उत्तर द्यायची.

मुलाखतीला बाबा गेले सोबत. घाट चढताना मोटारीत ताईला दोनदा उलटी झाली, वळणानं की भीतीनं कोण जाणे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ताईला सोडून आधी बाबांना विचारलं, "आप लोग तो नागपुर तरफ़ के हैं न? लड़की रहेगी कहाँ?" महिना झाला नव्हता त्यांना नागपुरात उलटं ऐकून. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ताई सांगते, बाबांचं तोंड पाहिलं आणि तिची भीतीच पळाली. तिला राग आला. ती म्हणाली, "नहीं जी. हम सौंसर के हैं. राहायची सोय आहे..." मराठी निघालं तोंडातून! जीभ चावून तिनं पुन्हा हिंदीत सांगितलं की राहायला घर आहे, गावच्या लोकांचं आहे. बाई हसल्या. ताईला जागा मिळाली.

ती निघाली त्या दिवशी शेठजींची लेक दारात उभी होती. "ताई, तिथं काय शिकवतात ते मले येऊन सांगशीन?" तिची आई आतून हाक मारत होती. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, दूर कुठं तरी वाळवंटाकडं. माझ्या ताईसाठी तिच्या बापानं एवढं केलं, आणि पोटच्या लेकीसाठी त्याला ते सुचलं नाही. या माणसाचे उपकार आठवले की मला हेही आठवतं आणि मी चिडते.

तालुका काही परत आला नाही. ताई नोकरीला लागली, बदल्या होत होत जबलपूरकडं गेली, तिकडंच संसार केला, हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. आमच्या गोतावळ्यातली पहिली. आणि शेठजींचं दुकान त्यांचा नातू चालवू लागला. गिऱ्हाईक सारं मोहगाव-बोरगावचं, तेव्हा पोरगा दिवसभर आमचीच बोली बोलायचा. शिकला तोही बाबांच्याच शाळेत.

बाबांची नजर गेली त्या वर्षी दिवाळीत आम्ही दोघी बहिणी माहेरी होतो. ताईचा मुलगा आलेला. इंजिनिअर, देखणा, स्वभावानं सोनं. बाबांनी त्याला मराठी पेपर वाचायला सांगितलं. अक्षरं हिंदीतलीच, म्हणून त्यानं हौसेनं घेतला. पण वाचणं असं, की भात खाताना खडे दाताखाली यावेत. अर्ध्यात थांबून तो हसला, "नानाजी, इसका मतलब क्या हुआ?" बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे बेटा, राहू दे."

दुपारी दुकान बंद करून शेठजींचा नातू आला. रोजच येत होता म्हणे. ओट्यावर बसून त्यानं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. कापसाच्या भावावरून दोघांचं वाजलं. "आबाजी, तुम्हाले काही समजत नाही," तो म्हणाला, आणि बाबा खो खो हसले. कित्येक वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं.

आत ताई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"मले शिकायले भेटणार नाही म्हणून किती भ्यायली होती मी, आठवते?" ती म्हणाली. "भेटलं. सारं भेटलं. पण बाबांशी आपल्या बोलीत भांडायले माझ्या घरात एक माणूस तयार झाला नाही वं."

ती रडली. मीही रडले, खोटं काहून सांगू. बाहेर बाबा त्या पोराला म्हणत होते, "हं, पुढं वाच."